ठराव राज्यांचे, मर्जी दिल्लीची

अमेरिकेत दोनतृतीयांश राज्ये घटनादुरुस्तीसाठी परिषद मागू शकतात. आपल्या ३६८व्या कलमाने पुढाकाराचा अधिकार केवळ संसदेला दिला. संघराज्यविषयक दुरुस्त्यांना निम्म्या विधिमंडळांची संमती लागते. सीमाबदलाला तीही नाही. २१ नोव्हेंबर २०११ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेने राज्याच्या चतुर्विभाजनाचा ठराव केला; केंद्राने खुलासे मागवले, विषय तिथेच अडला. महाराष्ट्राच्या २७ डिसेंबर २०२२ च्या सीमाठरावानेही दिल्ली बांधली गेली नाही. तेलीबागेत वसलेल्या मराठी माणसाला ही दोन्ही दुखणी परकी नाहीत. सारी घटना चर्चेला काढणारी परिषद नकोच. मात्र निम्म्या विधानसभांनी एकच ठराव केल्यास संसदेने ठराविक मुदतीत त्यावर चर्चा व मतदान घ्यावे, एवढे बंधन हवे. नकार मिळाला तरी चालेल. मौन हे उत्तर नव्हे.