कॅप्टनला किती मिळाले?

टीममध्ये कुणी लीड झालं की ग्रुपवर ते मीम पडतंच. खप्पड गालांचा, डोळे रोखलेला सोमाली समुद्री चाचा आणि खाली ओळ : 'आता कॅप्टन मी आहे.' तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केलं असेल. त्या माणसाचं नाव सांगता येईल?

बरखाद अब्दी. जन्म १९८५, मोगादिशू. यादवी पेटली तेव्हा तो लहान होता. कुटुंब आधी येमेनला गेलं आणि १९९९मध्ये अमेरिकेत, मिनियापोलिसला. तिथे त्याने भावाच्या दुकानात मोबाइल विकले, लिमोझीन चालवली, डीजे म्हणून काम केलं. 'कॅप्टन फिलिप्स'साठी सोमाली चेहरे हवे होते. खुल्या ऑडिशनला सातशेहून जास्त लोक आले, त्यातून तो निवडला गेला. आधी एकाही सिनेमात काम केलेलं नाही आणि समोर थेट टॉम हँक्स! मीमवाली ती ओळ पटकथेत नव्हतीच, ती अब्दीला सेटवर सुचली. पहिल्याच सिनेमाला बाफ्टा मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं.

त्याच्यावरचे बहुतेक लेख इथे संपतात. 'लिमो ड्रायव्हर ते रेड कार्पेट', टाळ्या, शेअर करा. माझं भांडण या टाळ्यांशी आहे.

सिनेमाचं बजेट होतं साधारण साडेपाच कोटी डॉलर. जगभरची कमाई वीस कोटींच्या वर. अब्दीला मिळाले सुमारे ६५ हजार डॉलर, म्हणजे बजेटच्या हजारातला जेमतेम एक भाग. रुपयांत गुणाकार करून 'बरेच की!' म्हणू नका. शूटिंग २०१२चं आणि ऑस्कर सोहळा मार्च २०१४चा. मधल्या काळात हा माणूस पुन्हा भावाच्या दुकानात जाऊन उभा राहिला होता. ऑस्करच्या धामधुमीत 'द न्यू यॉर्कर'ने छापलं, की समारंभांचे सूट उसने आणि लॉस एंजेलिसमध्ये फिरवायला एक टॅक्सीवाला सोमाली मित्र, तोही फुकटात.

आता गंमत बघा. त्याच वर्षी, त्याच विभागात जोना हिललाही नामांकन होतं, 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'साठी. त्यानेही सुमारे साठ हजार डॉलरच घेतले होते, कारण त्याला काहीही करून स्कॉर्सेसीबरोबर काम करायचं होतं. त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच. पण एकाच्या खात्यात आधीच्या सिनेमांचे पैसे होते आणि पुढचे सिनेमे हातात होते. दुसऱ्याचं सगळं उत्पन्न तेवढंच. आकडा जवळपास सारखा असला तरी एकासाठी ती हौस होती आणि दुसऱ्यासाठी पोट.

'पण सही त्यानेच केली ना?' हो, केली. 'नाही' म्हटलं तर बाहेर सातशे जण उभे आहेत, हे माहीत असताना केली. माझ्या धंद्यात नवी कंपनी कमी पगारावर माणूस घेते, तेव्हा निदान शेअर्सचं गाजर तरी दाखवते. चाललं तर तुझंही चालेल, असा तो सौदा असतो. अब्दीच्या ६५ हजारांत तेही नव्हतं.

आणि पुढे? काम मिळालं, नाही कसं. 'आय इन द स्काय'मध्ये ड्रोनचं बटण दाबायचं की नाही, यावर बडी मंडळी दूरच्या खोल्यांत बसून चर्चा करतात. नैरोबीच्या त्या गल्लीत जीव धोक्यात घालणारा एजंट मात्र अब्दी आहे. मुलीला तिथून हलवण्यासाठी तिच्या सगळ्या भाकऱ्या विकत घ्यायला धडपडतो, तो प्रसंग जरूर बघा. 'गुड टाइम'मध्ये तो मार खाणारा सिक्युरिटी गार्ड. त्याचा युनिफॉर्म चढवून गोरा गुन्हेगार सटकतो आणि पोलीस नेतात या गार्डला. 'ब्लेड रनर २०४९'मध्ये तर एकच प्रसंग. 'द पायरेट्स ऑफ सोमालिया'मध्ये तो कॅनडाच्या पत्रकाराचा दुभाष्या. थोडी ऐसपैस जागा मिळाली ती टीव्हीवर, 'कॅसल रॉक'च्या २०१९च्या दुसऱ्या सीझनमध्ये. तिथेही पात्र सोमालीच. ज्याने हँक्सच्या तोडीस तोड उभं राहून दाखवलं, त्याला असे तुकडे?

अभिनय कमी पडला म्हणावं, तर यातला कुठलाही सिनेमा काढून बघा. कमी पडली ती लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्ती. सोमाली माणूस म्हटलं की त्यांना चाचा सुचतो, फार तर चाच्यांची भाषा जाणणारा. प्रेमात पडलेला, वकिली करणारा, नुसताच आळशी सोमाली त्यांना सुचत नाही.

म्हणून 'नशीब उजळलं'ची गोष्ट मला खटकते. ती सांगितली की हिशेब विचारायची सोय उरत नाही. नशिबाला कुणी पगारपत्रक मागतं का? नवख्या नटाला नफ्यात ठरलेला वाटा देणं ही काही क्रांती नव्हे, कराराच्या कागदावरचं एक कलम आहे. सिनेमाची कमाई कोटींत छापणाऱ्यांनी ते कलम आधी छापावं, 'शोध लागला'च्या गोष्टी नंतर सांगाव्यात.