नांगर थांबेल, पण मक्ता?

उन्हाळ्यात ज्याचे वावर ढेकळांनी भरलेले नाही तो शेतकरी आळशी, असा आमच्या अनसिंगच्या शिवारात पक्का समज आहे. वास्तविक आपल्याच भूगोलाच्या पुस्तकात काळ्या रेगूर मातीचे वर्णन काय केले आहे? ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुरभुरीत माती भेगांत उतरते, पावसाने ती फुगते. म्हणजे ती स्वतःची नांगरणी स्वतःच करते. हे वाक्य आपण पाच गुणांसाठी पाठ करतो आणि सुटीत घरी जाऊन तीच जमीन पैसे मोजून ट्रॅक्टरने नांगरून घेतो!

अमेरिकेत १९४३ साली एडवर्ड फॉकनर यांनी पुस्तक लिहून नांगरणीलाच आव्हान दिले होते. आपल्याकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत तेच सांगते. गादीवाफे एकदाच करावेत, पीक बुडाशी कापावे, मुळ्या जमिनीतच कुजू द्याव्यात. त्या कुजल्या की त्यांच्या पोकळ्यांतून पाणी खोल जाते, गांडुळे टिकतात, सेंद्रिय कर्ब उन्हात जळून जात नाही. सोयाबीन निघाल्यावर ओल आहे तोवर ताग किंवा चवळी टाकली आणि वाढल्यावर तिथेच आडवी केली, तर जमिनीवर पांघरूणही राहते. हे मला पटते. तणनाशकाने निंदणाला जाणाऱ्या बायांची मजुरी बुडते ते पटत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. हे करायचे कुणी? माझे वडील मक्त्याने वावर करतात आणि मक्ता असतो एका सालाचा. मातीचा कस काही एका हंगामात वाढत नाही. मग तागाचे बी त्यांनी विकत आणावे, कुटार बैलांच्या तोंडचे काढून वावरात पसरावे आणि पुढच्या पाडव्याला वावर दुसऱ्याच्या हाती जावे? किंवा जमीन सुधारली म्हणून मक्ताच वाढावा? शेतकरी अडाणी म्हणून नांगरतो, असे कुणी व्याख्यानात म्हणाले की राग येतो. त्याचा हिशेब चोख आहे.

मालकाचेही भय अगदीच खोटे नाही. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा; कूळ लागेल या धास्तीने तो कागद करीत नाही आणि सलग वर्षे एकालाच जमीन देत नाही. २०१६ साली नीती आयोगाने भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला. त्यात मालकी सुरक्षित राहते आणि कसणाऱ्याने जमिनीत घातलेल्या पैशाचा उरलेला मोबदला त्याला मिळावा, अशीही तरतूद आहे. गावच्या पारावर मी त्याची चर्चा कधी ऐकली नाही.

ज्यांची जमीन मक्त्याने दिलेली आहे अशांची मुले आपल्या वर्गात आहेत, कदाचित असे प्राध्यापकही असतील. त्यांना माझी विनंती आहे. कायद्याचे होईल तेव्हा होईल. येत्या पाडव्याला निदान पाच सालांचा शब्द द्यावा, तागाच्या बियाण्याचा निम्मा खर्च उचलावा आणि तेवढ्या मुदतीत मक्ता वाढवू नये.