जुन्या मोटारीचें दार

धामापूरचें तळें विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं १५३० सालीं बांधविलें आणि २०२० सालीं त्यास जागतिक वारसा सिंचन-रचनेचा मान मिळाला, हें मालवण-कुडाळकडचा सुशिक्षित गृहस्थ पाहुण्यास मोठ्या अभिमानानें सांगतो. पण त्याच गृहस्थाच्या मांगरांत आजोबांची मोटार उभी असली आणि तिचें दार लोंबूं लागलें असलें, तर तो बेधडक म्हणतो, "काढून टाका तें, नवें बसवा!" जुनें जपण्याचा हा अभिमान तळ्याच्या काठाशींच कां संपावा, असा आमचा प्रश्न आहे.

१९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्या काळच्या बंद शेवरोलेट गाडीचें दार दिसतें पत्र्याचें, पण तो पत्रा म्हणजे केवळ कातडें. आंतला सांगाडा लांकडाचा. बिजागरीचा उभा खांब, कुलपाचा उभा खांब आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या, असें तें सरळसरळ सुतारकाम आहे. खिडकीच्या फटींतून शिरलेलें पाणी खालच्या पट्टीवर उतरतें, आणि तें निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोकें धुळीनें बुजलीं कीं लांकूड कुजूं लागतें. मग स्क्रूंची पकड सुटते, दार खालीं बसतें, कुलपाची जीभ खांचेंत जात नाहीं. वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलुखांत हें व्हावयाचेंच.

यावर गॅरेजांत इलाज होतो तो असा: सांगाडा चुलींत जातो, त्याच्या जागीं लोखंडी कोनपट्ट्यांची वेल्डिंग केलेली चौकट येते, वर लांबीचा जाड थर आणि त्यावर आरशासारखा रंग. लग्नांत मिरवावयास गाडी सजली म्हणून मालक संतुष्ट! परंतु गाडीचें बाकीचें शरीर लांकडीच असतें. खड्ड्यांतून जातांना तें किंचित् लवतें. नवी चौकट लवत नाहीं. सारा धक्का बिजागरीवर येतो आणि शेजारचा निरोगी खांबही चिरतो. "गाडी ही चालविण्याची वस्तु आहे, संग्रहालयांत ठेवण्याची नव्हे," असें जे आम्हांस ऐकवितात, त्यांनीं चालविण्याच्याच दृष्टीनें याचें उत्तर द्यावें.

योग्य काम निराळें असतें. दाभणानें टोंचून कूज कोठवर गेली तें पाहतात. ती जेथें संपते तेथें लांब तिरका काप घेऊन, त्याच जातीच्या वाळल्या लांकडाचा तुकडा त्याच रेषेनें सांधतात. स्क्रूंचीं ढिलीं भोकें लांकडी खुंट्यांनीं बुजवून पुन्हा पाडतात. पत्र्याची दुमड उघडणें हेंच काय तें नाजूक. घाई केली कीं कडेस तडा जातो. "असें काम करणारा आतां आहे कोण?" हा प्रश्न तर आम्हांस लटका वाटतो. कौलारू घराचा कुजलेला वासा सांधणारा, होडीची फळी बदलणारा सुतार या किनाऱ्यावर अजून आहे. मात्र रंगाऱ्यास मागेल तें देणारे आम्ही लोक या सुताराशीं चार दिवसांच्या मजुरीसाठीं घासाघीस करतों, त्याच्या मुलास हा धंदा नकोसा करतों, आणि पुढें कारागीर उरले नाहींत म्हणून मासिकांतून सुस्कारे टाकतों.

निदान कायद्याकडे तरी पाहावें. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदतां येते, पण ती मूळ रूपांत राखलेली हवी. चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ सालीं मान्य केलेली तुरीनची सनद याहून पुढें जाऊन, बदललेल्या भागावर कायमची खूण असावी असें सांगते. आमच्याकडे उलट जोड दिसला कीं लाज वाटते! लांकडाचें पीठच झालें असेल तर नवें घालावें, त्यास आमची हरकत नाहीं. आंतल्या बाजूस तें साल तेवढें कोरावें.

आणि ज्यांचें दार अजून शाबूत आहे, त्यांनीं मृग लागण्यापूर्वीं त्याच्या तळाचीं तीं भोकें तारेनें मोकळीं करून घ्यावीं. या कामास ना सुतार लागत, ना रंगारी.