आरोग्यधन : औषध जुनं, दुखणं नवं, आणि मधल्यामध्ये हृदय

मंडळी, उन्हाळा आला की आपल्याकडे भारतातून आईवडिलांची ये-जा सुरू होते. त्यांच्या बॅगेत भाजणीच्या डब्याशेजारी औषधांची एक पिशवी हमखास असते. ब्लडप्रेशरच्या, कोलेस्टेरॉलच्या, मधुमेहाच्या गोळ्या तर हव्यातच. पण "असू द्यावं जवळ, अमेरिकेत डॉक्टर लगेच भेटत नाही" म्हणून ॲझिथ्रोमायसिनच्या दोन पट्ट्याही येतात. काही घरांत करोनाच्या काळातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची अर्धी पट्टीसुद्धा अजून कपाटात आहे. या दोन गोळ्यांबद्दल आम्हाला इतक्यांदा विचारलं जातं की या अंकातली जागा त्यांनाच द्यायची असं आम्ही ठरवलं.

एका आजारासाठी तयार झालेलं औषध दुसऱ्या आजारावर वापरून पाहणं यात गैर काहीच नाही. नवं औषध शोधायला वर्षानुवर्षं जातात, जुन्याची माहिती मात्र हाताशी असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अमेरिकेत १९५५ पासून आहे. मलेरिया, ल्यूपस, संधिवात यांसाठी लाखो लोकांनी ते घेतलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनावर हातात काहीच नव्हतं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा या गोळीकडे वळल्या. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत मुंबईची इप्का आणि अहमदाबादची झायडस कॅडिला होती. त्यामुळे एप्रिलमध्ये भारताने अमेरिकेला गोळ्या पाठवल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना थोडा अभिमानही वाटला. एफडीएने २८ मार्च २०२० ला इस्पितळातल्या रुग्णांसाठी तातडीची परवानगी दिली होती. २४ एप्रिलला त्याच एफडीएने हृदयाच्या ठोक्यांबाबत इशारा दिला आणि १५ जूनला परवानगी काढून घेतली. तीन महिन्यांच्या आत सगळं फिरलं. असं काय झालं?

त्यासाठी हृदयाची वीज थोडी समजून घेऊ. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लहानशा लहरीवर चालतो. ठोका पडला की पेशींना पुन्हा 'चार्ज' व्हावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम एका सूक्ष्म दारातून पेशीबाहेर जातं. ठोक्याची लहर सुरू झाल्यापासून हे चार्जिंग पुरं होईपर्यंतचा वेळ ई.सी.जी.वर मोजता येतो. त्याला 'क्यूटी' म्हणतात. नाडीच्या वेगाचा हिशोब करून तो पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. काही औषधं ते दार अडवतात, मग हा वेळ लांबतो. तो ५०० च्या पुढे, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वर गेला, की पुढचा ठोका भलत्याच वेळी पडण्याची भीती असते. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं. माणूस चक्कर येऊन पडतो आणि क्वचित उठतही नाही. या बिघाडाचं वर्णन देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली केलं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे दार अडवतं आणि ॲझिथ्रोमायसिनमुळेही क्यूटी लांबतो. २०२० मध्ये ही दोन्ही एकत्र दिली जात होती.

इथे वाचक विचारतील, "अहो, माझी मावशी ल्यूपससाठी वीस वर्षं हीच गोळी घेतेय, तिला काही झालं नाही." खरं आहे. पण गोळी तीच असली तरी घेणारा माणूस वेगळा असतो. मावशी घरी बरी आहे, तिचा डोस ठरलेला आहे, तिची तपासणी होते. करोनाचा रुग्ण तापाने फणफणलेला असतो. जुलाबांनी त्याचं पोटॅशियम उतरलेलं असतं, रक्तात ऑक्सिजन कमी असतो आणि विषाणूने कधीकधी हृदयालाच सूज आणलेली असते. त्यातून वय झालेलं, आधीचा हृदयविकार, लघवी वाढवणारी बी.पी.ची गोळी. बायकांना हा धोका मुळातच जास्त. एकेक कारण लहान, पण सगळी एकदम आली तर कठीण. डोसाचंही तसंच. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात ८१ रुग्णांवर क्लोरोक्विनचे दोन डोस पडताळले. मोठ्या डोसाच्या ४१ जणांपैकी १६ दगावले, लहान डोसाच्या ४० पैकी ६. मोठा डोस मध्येच थांबवावा लागला.

शेवटचा निकाल ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीने लावला. औषध मिळालेल्या १५६१ रुग्णांपैकी २८ दिवसांत २७ टक्के दगावले, न मिळालेल्या ३१५५ पैकी २५ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नाही एवढं नक्की झालं. आणि फायदाच नसेल तर थोडासा धोकाही महागच. उलट बाजूही सांगायला हवी. हे औषध फार घातक आहे असं सांगणारा एक गाजलेला लेख 'लॅन्सेट'ला ४ जून २०२० रोजी मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या आकड्यांची खातरजमाच होईना. म्हणजे घाई दोन्ही बाजूंनी झाली.

जुनं औषध कामी येतंच नाही असंही नाही. स्वस्त आणि जुन्या डेक्सामेथासोनने याच 'रिकव्हरी'त व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही आणि साखर तर ते वाढवतंच. आपल्या घराघरांतल्या मधुमेहाचा विचार करता हे लक्षात ठेवा.

ॲझिथ्रोमायसिन तर विषाणूवर चालतच नाही. टेनेसी राज्यातल्या २०१२ च्या अभ्यासात ॲमॉक्सिसिलिनच्या तुलनेत दर दहा लाख कोर्समागे हृदयाशी संबंधित ४७ मृत्यू जास्त आढळले. आधीच हृदयविकाराचा धोका असलेल्यांत हा आकडा २४५ होता. आकडा लहान आहे, पण साध्या सर्दीसाठी तो तरी का पत्करायचा? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांना ॲलर्जीची 'सेल्डेन' गोळी आठवत असेल. काही अँटिबायोटिक्सबरोबर घेतली की ती याच मार्गाने हृदयाला त्रास देई, म्हणून १९९८ साली बाजारातून गेली.

आज करोनावर 'पॅक्सलोविड' देतात. त्यातलं रिटोनाविर हे मूळचं एच.आय.व्ही.चं औषध. ते यकृतातली औषधं पचवण्याची यंत्रणा मंदावतं. त्यामुळे सिम्वास्टॅटिन आणि काही रक्त पातळ करणारी औषधं शरीरात साचतात, आणि स्टेंटनंतर दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम उलट कमी होतो. आपल्याकडे स्टेंट आणि स्टॅटिन नसलेलं घर शोधावं लागेल! म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. काय थांबवायचं, काय बदलायचं ते त्यांना ठरवू द्या.

तेव्हा एवढं करा :

१. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी मूळ नावाने लिहून ठेवा. भारतातली कंपनीची नावं इथल्या फार्मसिस्टला कळत नाहीत. आयुर्वेदिक गोळ्याही लिहा.

२. आईबाबांचा जुना ई.सी.जी. असेल तर त्याची प्रत बरोबर आणायला सांगा.

३. नवी गोळी घेताना "याने क्यूटी वाढतो का?" असं विचारा. फार्मसिस्ट याचं उत्तर फुकट देतात.

४. जुलाब-उलट्या चालू असताना ही औषधं विचारल्याशिवाय घेऊ नका.

५. गोळी घेतल्यावर छातीत फार धडधडलं, चक्कर आली, शुद्ध हरपली तर थेट ९११.

आणि ज्यांना ल्यूपस किंवा संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं आहे त्यांनी हे वाचून घाबरून ते बंद करू नये. २०२० मध्ये इतरांनी साठे केल्यामुळे त्यांनाच गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. त्यांच्यासाठी ते खरोखर गुणकारी आहे. शंका असेल तर पुढच्या भेटीत ई.सी.जी.बद्दल विचारा, एवढं पुरे.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे संपादकांकडे पाठवा. पुढच्या अंकात जमतील तेवढ्यांची उत्तरं देऊ.