मुबारक म्हणण्याआधी

२०२२च्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर एका माजी विद्यार्थ्याचे अब्बा स्टाफरूममध्ये आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक इंग्रजी पत्र होतं. वर फुटबॉलचं रंगीत चित्र, खाली कतारमधल्या विश्वचषकात ‘इव्हेंट स्टाफ’ म्हणून निवड झाल्याचा मजकूर आणि रियालमध्ये पगाराचा आकडा. ‘सर, जरा पढ के बता दो,’ एवढंच त्यांनी म्हटलं. मी ओळ न ओळ उर्दूत समजावून सांगितली आणि शेवटी म्हणालो, ‘मुबारक हो!’

टोकन म्हणून वीस हजार आधीच भरले होते. उरलेली रक्कम त्यांनी पुढच्या पंधरवड्यात दिली. बकरी ईदनंतर एजंटाच्या ऑफिसला कुलूप लागलं. मुलगा आजही गावातच रिक्षा चालवतो. त्याचे अब्बा मला भेटतात तेव्हा आधीसारखाच सलाम करतात आणि मला मान वर करवत नाही. कारण भाषा मला येत होती. एजंटाचा नोंदणी क्रमांक कुठे आहे, पावती कुठे आहे, हे दोन प्रश्न मात्र मी विचारले नाहीत.

आता पुन्हा तसेच मेसेज मोहल्ल्यातल्या मोबाइलवर फिरू लागले आहेत. २०२७चा आशियाई चषक सौदी अरेबियात आहे आणि २०३४चा पुरुषांचा विश्वचषकही सौदीलाच मिळाला आहे. त्यामुळे हे मेसेज पुढची काही वर्षं थांबणार नाहीत. म्हणून फुटबॉलमधलं काम म्हणजे नेमकं काय, हे एकदा स्पष्ट मांडावंसं वाटलं. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फसवणूक होते ती त्यांची सरमिसळ करूनच.

पहिली गोष्ट स्वयंसेवकाची. कतारच्या विश्वचषकासाठी जगभरातून चार लाखांहून अधिक अर्ज आले आणि सुमारे २० हजार स्वयंसेवक निवडले गेले. त्यातले बहुतेक कतारमध्येच राहणारे होते. २०२६च्या स्पर्धेत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून १६ शहरं, ४८ संघ आणि १०४ सामने; त्यासाठी फिफाने सुमारे ६५ हजार स्वयंसेवकांची योजना आखली. अटी साध्या असतात: वय १८ पूर्ण, इंग्रजी बोलता येणं आणि ठरलेल्या पाळ्यांना हजर राहण्याची तयारी. काम म्हणजे प्रेक्षकांना वाट दाखवणं, ओळखपत्रं देणं, पत्रकारांना मदत करणं. बदल्यात गणवेश, पाळीच्या वेळेचं जेवण आणि अनुभव मिळतो. पगार मिळत नाही. २०२६साठी तर प्रवास, मुक्काम आणि व्हिसा ही अर्जदाराचीच जबाबदारी. अर्ज फिफाच्या संकेतस्थळावर, फुकट. तेव्हा ‘व्हॉलंटियरची नोकरी, पगार इतका, फी इतकी’ असं कुणी सांगितलं, तर त्या एका वाक्यातच दोन खोट्या गोष्टी आहेत.

काही मित्र म्हणतात, हे तरी शोषण नाही का? २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचं उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरच्या घरात होतं. इतकी श्रीमंत संस्था पोराबाळांकडून फुकट काम का करून घेते? हा आक्षेप मला बरोबर वाटतो. आपल्याकडे खिदमत या शब्दाला मोठी इज्जत आहे. २०२१च्या पुरात चिपळूण, महाडमध्ये गाळ उपसणाऱ्या हातांना तो शब्द शोभला. स्टेडियमच्या दारात उभं राहणं ही त्या अर्थाची खिदमत नव्हे. तो एक सौदा आहे: तुमचे दिवस त्यांना, त्यांचा अनुभव तुम्हाला. सौदा परवडत असेल तरच करावा. ज्या घरात मुलाच्या कमाईवर चूल पेटते, त्या घराने कर्ज काढून मुलाला परदेशी स्वयंसेवक म्हणून पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र तोच सौदा घराजवळ असेल तर? २०१७मध्ये मुलांचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई आणि मडगाव ही त्यातली दोन केंद्रं होती. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला गेला. मुंब्रा, पनवेल, गोवंडीहून तिथे लोकलने जाता येतं. आमचे अठरा वर्षं पूर्ण केलेले कितीतरी माजी विद्यार्थी तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्यापैकी कुणी अर्ज केल्याचं माझ्या कानावर आलं नाही, कारण आम्ही शिक्षकांनीच त्यांना सांगितलं नव्हतं. एजंटाचं पत्रक मोहल्ल्यात पोहोचतं आणि आमची सूचना फळ्यापर्यंतही पोहोचत नाही, याला कोण जबाबदार?

दुसरी गोष्ट मजुरीची. स्टेडियम, रस्ते, हॉटेलं उभारणारे हात फुटबॉलमध्ये काम करत नाहीत. ते फुटबॉलसाठी राबतात. कतारमध्ये या हातांचं काय झालं ते विसरू नये. आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये एका मुलाखतीत विश्वचषकाशी निगडित कामांवर ४०० ते ५०० मजूर दगावल्याचा अंदाज सांगितला. जगभरातून टीका झाल्यावर काही सुधारणाही झाल्या. नोकरी बदलायला मालकाचं ना-हरकत पत्र लागण्याची अट २०२०मध्ये काढली गेली. मार्च २०२१पासून किमान वेतन १००० रियाल झालं. राहण्या-जेवणाची सोय मालकाने केली नाही तर त्यासाठी ८०० रियाल वेगळे.

पण एक बाब आपल्याशी थेट संबंधित आहे. मजुराकडून भरतीचे पैसे घेणं कतारच्या कायद्यात मना होतं, तरी हजारो मजुरांनी ते आपल्याच देशात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या एजंटांना दिले. पुढे आयोजन समितीने ठेकेदारांकडून अशा मजुरांना पैसे परत मिळवून देण्याची योजना राबवली. म्हणजे फास दोह्यात पडण्याआधी गावातच पडला होता. आपण कफीलला शिव्या देतो आणि आपल्याच मशिदीच्या पहिल्या सफेत उभ्या असलेल्या दलालाला चहा पाजतो.

आपल्या देशात १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. तो खरा की खोटा हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर बसल्याजागी तपासता येतं. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टला आखाती देशांत नोकरीसाठी उत्प्रवास मंजुरी लागते. आपले लोक तिला कटकट समजतात आणि व्हिजिट व्हिसावर निघतात. खरं तर मंजुरीच्या वेळी करार, पगार, विमा यांची नोंद होते. तिला चुकवून गेलेल्या मुलाची नोंदच कुठे राहत नाही. आणि दहावी पास झालं की ही मंजुरी लागत नाही, पण एजंट तपासायची गरज संपत नाही.

तिसरी गोष्ट खऱ्या करिअरची. फुटबॉलमध्ये खेळाडूखेरीज पंच, प्रशिक्षक, फिजिओ, आकडेवारीचे विश्लेषक, मैदानाची निगा राखणारे, दुभाषे, पत्रकार असे कितीतरी लोक पोट भरतात. पण ही शिडी खालून चढावी लागते. प्रशिक्षकाला आधी ‘डी’ परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए. पंचाला आधी जिल्ह्याचे, राज्याचे सामने. गोव्याच्या उवेना फर्नांडिस अशाच पायऱ्या चढत फिफाच्या सहायक पंच झाल्या आणि २०१६मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात त्यांनी काम केलं.

‘आमच्या मुली कशा जातील?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी मोरोक्कोच्या नुहैला बेनझिनाबद्दल सांगतो. डोक्यावरच्या स्कार्फला फुटबॉलच्या नियमांत २०१४मध्ये कायमची परवानगी मिळाली आणि २०२३च्या महिला विश्वचषकात ती हिजाब घालून खेळली. नियमाने दार उघडलं आहे. आता उंबरठ्यावर आपणच उभे आहोत.

भाषेचंही तसंच. २०२२पासून अरबी ही फिफाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. आपली मुलं लहानपणापासून अरबी वाचतात, पण बाजारात पाणी मागण्याइतकीही बोलत नाहीत. मदरशात आणि उर्दू शाळेत आठवड्याला दोन तास बोली अरबी आणि दोन तास इंग्रजी संभाषण सुरू केलं, तर ते कुठल्याही एजंटाच्या पत्रापेक्षा मोलाचं ठरेल. आणि मैदान आपल्याला परकंही नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींचं नाव कोरलं जात होतं. १९३७मध्ये तो जिंकला बंगलोर मुस्लिम्स या संघाने.

माझ्या वर्गात आता एक वही ठेवली आहे. परदेशी नोकरीचं पत्र घेऊन कुणी आलं की त्यात चार गोष्टी लिहायच्या: एजंटाचा नोंदणी क्रमांक, मालकाचं नाव, करारातला पगार आणि पावती. चारपैकी एक जरी रिकामी राहिली तरी पैसे द्यायचे नाहीत. जुम्म्याच्या नमाजनंतर एवढं जाहीर करायला इमामसाहेबांना दोन मिनिटं पुरतील. शिक्षकांनी आणि इमामांनी मनावर घेतलं तर प्रत्येक मोहल्ल्यात अशी एक वही ठेवता येईल.

गेल्या महिन्यात त्या रिक्षावाल्या मुलाचा धाकटा भाऊ माझ्याकडे आला. त्याला पंचांच्या परीक्षेची माहिती हवी होती. मी त्याला नियमांचं पुस्तक दिलं आणि जिल्हा संघटनेत कुणाला भेटायचं ते सांगितलं. मुबारक अजून म्हटलेलं नाही. परीक्षा होऊ दे.