दिवाळीनंतरची हजेरी

गळती हा शब्द मराठीत दोन ठिकाणी सारखाच चालतो. पावसाळ्यात छताला लागते ती गळती आणि शाळा-कॉलेजांतून मुले नाहीशी होतात तीही गळतीच. छताच्या गळतीची मौज अशी की, पाणी जिथे टपकते तिथे भोक असतेच असे नाही. भोक असते कुठल्या तरी तिसऱ्याच कोपऱ्यात. पाणी स्लॅबच्या पोटातून वाट काढीत येते आणि दिवाणखान्यात नेमके सोफ्यावर पडते. आपण सोफा सरकवतो, खाली बादली मांडतो आणि गवंड्याला दिवाळीनंतर बोलावू म्हणतो. कॉलेजातल्या गळतीचेही असेच होते. मुलगा परीक्षेला बसला नाही म्हणजे तो गेला असे आपण समजतो. वास्तविक तो ऑगस्टपासूनच जायला लागलेला असतो.

फराळाच्या ताटापुढे हा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण या विषयाचा हंगामच मुळी दिवाळी हा आहे. सुटी संपते, कॉलेज उघडते आणि प्राध्यापक हजेरी घेऊ लागतात. एखाद्या नंबरावर वर्ग गप्प राहतो. दोन दिवस, चार दिवस तसेच जातात. पुढे त्या नंबरावर थांबण्याचीही कुणाला गरज वाटेनाशी होते.

खारघरचेच घ्या. नवी मुंबईतला हा भाग आता कॉलेजांचे गाव झाला आहे. कॉमर्स-सायन्स आहे, इंजिनिअरिंग आहे, हॉटेल मॅनेजमेंट आहे, फॅशनचे शिक्षणसुद्धा आहे. सकाळी स्टेशनवर उभे राहिले तर पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलांचा लोंढाच दिसतो. हार्बरच्या गाडीने कुणी गोवंडी-मानखुर्दहून येतो, कुणी पनवेलहून. नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून तळोजा-पेंधरकडची मुलेही तिने येतात. शिवाय कोपरा, बेलपाडा, ओवे या मूळच्या गावांतली मुले आहेत. ज्यांच्या आजोबांच्या शेतांवर हे शहर उभे राहिले, ती ही घरे. एकाच बाकावर पंधराव्या मजल्यावरचा मुलगा आणि वीटभट्टीवर राबलेल्या बापाची मुलगी शेजारी शेजारी बसतात. प्रवेशाच्या दिवशी दोघांच्या हाती सारखेच ओळखपत्र येते. पुढच्या तीन वर्षांची वाट मात्र दोघांची सारखी नसते.

समजा, असा एक मुलगा आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, बरे गुण मिळवले आणि बी.कॉम.ला आला. पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सचे प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागतात. याला बेरीज-वजाबाकी सगळी येते, फक्त प्रश्न कळत नाही. विचारावे तर मागच्या बाकावरून हशा येईल, म्हणून तो गप्प बसतो आणि हळूहळू त्या तासाला जायचे टाळतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. बापाला एक दिवसाचा रोज बुडवून तहसील कचेरीत जायचे असते, ते राहून जाते आणि मुदत टळते. मग येते दिवाळी. दुकानांना, मॉलना, घरोघरी माल पोहोचवणाऱ्यांना महिना-दीड महिन्यासाठी मुले हवीच असतात. हा जातो. आयुष्यातला पहिला पगार आईच्या हातावर ठेवतो, आई डोळे पुसते, धाकट्या बहिणीला नवा फ्रॉक येतो. आता मला सांगा, सुटी संपल्यावर याने कुठल्या ओढीने परत यावे? नोकरीत त्याला नावाने हाक मारतात. कॉलेजात तो एक नंबर होता.

यात आळशी कुणी नाही, दुष्टही कुणी नाही. आणि या मुलाविषयी कॉलेजात कुणाला काहीच ठाऊक नव्हते असेही नाही. कार्यालयातल्या कारकुनाला ठाऊक होते की याच्या फीचा दुसरा हप्ता आलेला नाही. ग्रंथपालांना ठाऊक होते की याने जुलैपासून एकही पुस्तक नेलेले नाही. प्राध्यापकांच्या वहीत गैरहजेरीच्या खुणा होत्या. तासाच्या वेळी हा जिन्यावर बसून असतो, हे शिपायाने पाहिले होते. कँटीनवाल्याच्या लक्षात आले होते की हल्ली तो चहाला येत नाही. पाच जणांजवळ पाच तुकडे होते. ते पाच तुकडे एका टेबलावर मांडणारा माणूस तेवढा नव्हता.

गळती थांबवण्याची गोष्ट निघाली की समित्या नेमल्या जातात, पाहुण्यांची व्याख्याने होतात, भिंतीवर तक्ते लागतात. माझ्या मते यांतले बरेचसे बादली मांडण्यासारखे आहे. दर सोमवारी अर्धा तास कारकून, ग्रंथपाल, वर्गशिक्षक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे प्राध्यापक एकत्र बसले आणि ‘या आठवड्यात कोण दिसला नाही’ एवढ्या एकाच प्रश्नावर बोलले, तर त्यातून जे कळेल ते वर्षअखेरच्या कुठल्याही अहवालातून कळणार नाही. मात्र कुणाकडे कुणी फोन करायचा, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरले पाहिजे. ‘पाहू, करू’ म्हणून उठायचे असेल तर त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात सर्वांनी चहा घेतलेला बरा.

ही काही नवी युक्ती नव्हे. आपल्याकडच्या थोर माणसांनी ती पोटतिडकीने वापरली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. मुलगा शाळेत टिकत नाही तो बुद्धी नाही म्हणून नव्हे, भाकरी नाही म्हणून, हे त्यांनी आधी ओळखले होते. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तिथे ‘कमवा आणि शिका’ ही रीत पडली. याची खुबी लक्षात घ्या. आपल्या दिवाळीच्या मुलाला जे दुकानात मिळाले, म्हणजे कामाचे दाम आणि नावाने हाक, ते भाऊरावांनी कॉलेजच्या कुंपणाच्या आतच देऊ केले. त्यांच्या संस्थेची कॉलेजे आज खारघरच्या दोन्ही बाजूंना, वाशीला आणि पनवेलला आहेत.

डॉ. आंबेडकरांनी दुसरी गाठ सोडवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा तिथले वर्ग सकाळी ठेवले. दिवसभर नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे, हा त्यातला हेतू. नोकरी सोड आणि मग शिकायला ये, असे त्याला कुणी म्हटले नाही. वेळापत्रकच त्याच्या दारी नेले.

आता जरा सातासमुद्रापलीकडे पाहू. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची कॉलेजे असतात. फी कमी, दार सर्वांना उघडे, आणि त्यामुळेच गळतीही भारी. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या अशा कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा एक उपक्रम सुरू केला. शिष्यवृत्तीतून न भागणारी फी माफ केली, पाठ्यपुस्तकांचा खर्च उचलला आणि मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी दिले, म्हणजे त्याला त्यांची तोंडे ओळखता यावीत. आणि एक गोष्ट अशी केली की ती वाचून मला आपल्या आजीबाईंच्या व्यवहारज्ञानाची आठवण झाली. दर महिन्याला विद्यार्थ्याला बस-रेल्वेचा पास फुकट द्यायचा, पण तो घ्यायला आले पाहिजे आणि मार्गदर्शकाला भेटणे चुकवता कामा नये. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने विद्यार्थ्यांचे दोन गट करून पुढे याची परीक्षाही झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करणारे साध्या गटात शेकडा २२ होते, या गटात शेकडा ४०. दर विद्यार्थ्यामागे खर्च अर्थातच जास्त आला. पण उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या दर विद्यार्थ्यामागे हिशेब केला, तेव्हा तो उलट कमी भरला. घरखर्च चालवणाऱ्या बाईला हे गणित निराळे समजावून सांगायला नको. स्वस्त दूध दोनदा नासले म्हणजे ते महाग दुधाहून महाग पडते.

पासाची ती गोष्ट वाचून वाटले, हे तर आपल्या हातातले आहे! आपल्याकडे विद्यार्थ्यांना लोकलचा पास सवलतीत मिळतो आणि त्यासाठी दाखला घ्यायला मुलगा कॉलेजच्या खिडकीशी येतो. जो मुलगा तासाला येत नाही, ग्रंथालयात जात नाही, तोही त्या खिडकीशी मात्र येतो. आणि ज्या महिन्यात तो तिथेही आला नाही, त्या महिन्यात समजावे की पाणी स्लॅबमध्ये शिरले. त्या खिडकीमागच्या माणसाला एवढेच सांगून ठेवायचे, की मागच्या खेपेला आलेला आणि या खेपेला न आलेला अशांची नावे काढून सोमवारी आणा. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. खिडकीमागच्या माणसाला मात्र कॉलेजच्या शिक्षणकार्यात आपण सामील आहो असे वाटायला लागेल, आणि तोही काही थोडा लाभ नव्हे.

पण एक अडचण बोलून दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज बहुतेक कॉलेजांत मेंटॉर नेमलेले असतात. नॅकची मंडळी तपासणीला येतात, तेव्हा वीस-वीस विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या जातात. या याद्यांतले पुष्कळ मेंटॉर तासिका तत्त्वावर काम करणारे असतात. जितके तास शिकवाल तितक्यांचे पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे देवाला ठाऊक. विद्यार्थ्याशी जिन्यावर उभे राहून घालवलेल्या वीस मिनिटांचे बिल कोणत्या रकान्यात लिहायचे? हे तरुण प्राध्यापक मनापासून काम करतात, तरीही जून उजाडला की त्यांतले कितीतरी दुसऱ्या कॉलेजात गेलेले असतात. विद्यार्थ्यांच्या आधी मार्गदर्शकच गळतो. ज्यांच्या हाती या गोष्टी आहेत त्यांनी इमारतीला नवा रंग देण्याआधी याचा विचार करावा, असे मला स्पष्ट वाटते.

सरकारी मदत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास वर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण शुल्कमाफी मिळाली. पैसा आहे, पण तो अर्जापलीकडे उभा आहे. दाखले, छायाप्रती, बँकेचे खाते, आधारचे नाव आणि मार्कलिस्टवरचे नाव यांचा मेळ! सुशिक्षित गृहस्थालाही घाम फुटावा, तिथे घरातला पहिलाच शिकणारा मुलगा एकटा काय करील?

नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक सोय केली आहे. एक वर्ष पुरे करून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले क्रेडिट जमेला राहतात. पुन्हा येऊन पुढचे शिकता येते. कल्पना चांगली आहे. भीती एवढीच की बाहेर पडायचे दार मुलांना चटकन दिसेल आणि आत यायचे दार कुठे आहे ते कुणी दाखवणार नाही. बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र देताना परत यायचे कधी आणि भेटायचे कुणाला, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत आहे? ज्याला वर्गात परत येणे जमतच नाही, त्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. तेही त्याला कुणी तरी सांगावे लागते.

आता थोडे आपल्या घराविषयी. गळती म्हणजे झोपडीतला प्रश्न, अशी समजूत करून घेऊन पांढरपेशा वाचकाने पान उलटू नये. आईवडिलांच्या हौसेखातर इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा सकाळी डबा घेऊन निघतो, सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर तीन तास काढतो आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतो, असेही घडते. तो बोलत नाही, कारण आपण त्याला एकच प्रश्न विचारतो, ‘किती पडले?’ या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, तो दुसरे काहीच सांगत नाही. त्याऐवजी आज कोणाबरोबर जेवलास, असे विचारून पाहा. रोज एकटाच जेवतो असे कळले, तर गुणपत्रिकेची वाट पाहत बसू नका. व्हिन्सेंट टिंटो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने कॉलेज सोडणाऱ्यांवर १९८७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे साधारण असे, की ज्याला त्या जागी आपले कुणी नाही असे वाटते, तो अभ्यासात कच्चा नसला तरी निघून जातो.

आणि दुसरी एक मुलगी आहे, तीही याच आठवड्यात तुमच्या घरी येऊन गेली असेल. आईच्या हाताखाली तिने तुमच्या चकल्या तळल्या, पितळेची भांडी लखलखीत केली. ती कुठल्याशा कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे असे तिची आई मागे म्हणाली होती. भाऊबीजेची ओवाळणी देताना तिला कॉलेज कधी उघडते ते विचारून ठेवा आणि तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला गेला की नाही तेही विचारा. भरला नसेल तर घरातल्या कॉम्प्युटरवर बसून तो भरायला फार तर एक दुपार जाईल. सुटी संपेल त्या दिवशी तिला कामाला बोलावू नका. एक दिवसाची भांडी आपली आपण घासता येतात.