केसांची गळती आणि शस्त्रक्रियेची घाई

डोक्यावरील केस विरळ होऊ लागले आणि घरात विवाहाची बोलणी सुरू झाली, की पेढीवर बसणारा तरुण केशरोपणाचा विचार करू लागतो. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा प्रथम औषध सुचवतात : टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल आणि काही पुरुषांना पोटात घ्यायचे फिनास्टेराइड. महिना उलटतो न उलटतो तोच उशीवर आणि कंगव्यात पूर्वीपेक्षा अधिक केस दिसू लागतात. ‘औषधच बाधले’ असे ठरवून ते बंद केले जाते आणि शस्त्रक्रियेची तारीख घेतली जाते. हिशेब चुकतो तो येथेच.

केसाची वाढ साधारण २ ते ६ वर्षे चालते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचे संक्रमण आणि सुमारे ३ महिन्यांची विश्रांती येते. तिच्या अखेरीस जुना केस गळून नवा उगवतो. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. मिनॉक्सिडिल विश्रांतीतील मुळांना लवकर वाढीकडे वळवते. त्यामुळे पुढे सावकाश गळणारे केस एकदम गळतात. ही गळती बहुधा २ ते ८ आठवड्यांत सुरू होते आणि काही आठवड्यांत ओसरते. नवा माल भरण्यापूर्वी फडताळ रिकामे दिसावे, तसाच हा प्रकार.

केशरोपणात डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील मुळे काढून पुढे लावतात. काढलेल्या जागी ती पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे हे मर्यादित मुद्दल आहे. गळतीच्या ऐन भरात टक्कल वास्तवापेक्षा मोठे भासते, आणि त्या अंदाजावर मुद्दल खर्ची पडते. म्हणूनच अनेक शल्यचिकित्सक औषधाचा परिणाम ६ ते १२ महिने पाहून मग निर्णय घेतात. शिवाय रोपलेले केसही पहिल्या काही आठवड्यांत गळतात. नवी वाढ ३-४ महिन्यांनी दिसू लागते आणि पूर्ण फळ मिळण्यास सुमारे वर्ष लागते. लग्नाच्या तोंडावर केलेली शस्त्रक्रिया त्यामुळे उपयोगी पडत नाही.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दीर्घकाळ आहार अत्यल्प झाल्यास दोन-तीन महिन्यांनी केस गळू शकतात. चातुर्मासात मासक्षमणासारखी मोठी तपश्चर्या केलेल्याने दिवाळीनंतरच्या गळतीचा दोष औषधाला देण्यापूर्वी तपाची माहिती डॉक्टरांना द्यावी. तीव्र ताप, लोहाची कमतरता व थायरॉईडचे विकार हीही कारणे असतात. गळती तीन महिन्यांहून अधिक टिकली, चट्टे पडले किंवा टाळूला दाह होऊ लागला, तर तपासणी टाळू नये.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबावरील औषध होते; हृदयविकार असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा मंदावते. गर्भवती स्त्रियांसाठी ते निषिद्ध आहे. शस्त्रक्रियेपूर्वी कोणते औषध किती दिवस थांबवायचे, हे शल्यचिकित्सकांनीच ठरवावे. रक्त पातळ करणारी गोळी तर स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

आपले साधू-साध्वी स्वहस्ते केशलोच करून देहाचे ममत्व सोडतात. गृहस्थाकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा नाही. परंतु भयाने निर्णय न घेण्याचा विवेक त्यानेही बाळगावा. सहा महिने धीर धरला, तर कदाचित शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही. उरलीच, तर मुद्दल योग्य ठिकाणी लागेल.